ताप उतरला म्हणजे डेंग्यू बरा झाला असं नसतंय

पाऊस लागला की आमच्या शहापूर-वडगावकडं डेंग्यू सुरू. नळाला रोज पाणी नाही म्हणून घरोघरी बॅरल भरलेले, आणि एडिस डासाला अंडी घालायला तेवढं बास. परवा शेजारच्या काकू खुशीत सांगत होत्या, पोराचा ताप उतरला, उद्यापासून शाळेला पाठवते. मी म्हटलं काकू, दोन दिवस थांबा, खरी काळजी आत्ता घ्यायची.

डास चावल्यावर 4 ते 10 दिवसांनी ताप चढतोय. ताप आल्यापासून तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान तो उतरतोय, तोवर रक्तातला विषाणूही कमी झालेला असतोय. पण काही पेशंटांत नेमक्या त्याच वेळी बारीक रक्तवाहिन्या झिरपायला लागतात, रक्तातला पातळ भाग म्हणजे प्लाझ्मा पोटात, छातीत उतरतोय, रक्त घट्ट होतंय आणि बीपी पडतंय. हे 24 ते 48 तास चालतंय.

आता मला सगळ्यात भारी वाटणारी गोष्ट. डेंग्यूचे विषाणू चार प्रकारचे. एकदा एक झाला की त्याच्यापासून जन्मभर संरक्षण, बाकी तिघांपासून मात्र काही महिनेच. पुढं दुसऱ्या प्रकाराची लागण झाली की जुन्या अँटिबॉडी (पहिल्या लागणीत शरीरानं तयार केलेली, विषाणूला चिकटणारी प्रथिनं) त्याला चिकटतात खरं, पण निकामी करू शकत नाहीत. आणि आपल्या भक्षक पेशी अँटिबॉडीची शेपटी दिसली की ती धरून चिकटलेल्याला आत ओढतात, पचवायला म्हणून, पण हा जिवंत विषाणू पचायच्या आधीच निसटून त्याच पेशीत आपली पिल्लं काढतोय! म्हणजे पहारेकऱ्यानंच चोराला हात धरून घरात आणलं. क्युबात 1977 ला पहिल्या प्रकाराची साथ आली, 1981 ला दुसऱ्याची, आणि गंभीर झालेले बहुतेक पेशंट आधी एकदा डेंग्यू होऊन गेलेले होते. आईच्या अँटिबॉडी अंगात असलेल्या तान्ह्या बाळांना पहिल्याच डेंग्यूत त्रास होतोय तो ह्याच्यामुळंच.

सगळे प्लेटलेटच विचारतात आणि पपईच्या पानाचा रस पाजतात. अहो, आजार उतरणीला लागला की प्लेटलेट आपल्या आपण वाढतात, नाव मात्र पानाचं होतंय. रसानं झिरपणं थांबतंय असं कुणी सिद्ध केलेलं नाही. रिपोर्टमध्ये हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, पण बघा, तो चढत असला तर रक्त घट्ट होतंय.

काकूंना एवढंच सांगितलं, पोट जोरात दुखलं, सारख्या उलट्या झाल्या, हिरड्यांतून रक्त आलं, लघवी कमी झाली किंवा पोरगं मलूल पडलं तर रात्र असली तरी दवाखाना गाठा. परत ताप आला तर डॉक्टर सांगतील तेवढं पॅरासिटामॉल, ब्रुफेन आणि ॲस्पिरिन अजिबात नको, त्यानं रक्तस्राव वाढतोय.