कॅनडाची मेडिकेअर : प्रांतांनी घडवली, प्रांतांतच लढून टिकली

कॅनडात आजारी माणसाला डॉक्टरच्या दारात पैसे मोजावे लागत नाहीत, हे आपल्याकडे बहुतेकांना ऐकून माहीत असतं. ‘मेडिकेअर’ नावाची ही सरकारी आरोग्य विम्याची सोय ओटावातल्या केंद्र सरकारने सगळ्या देशाला दिली, असाही समज असतो. तो बरोबर नाही. 1867च्या घटना कायद्याने रुग्णालयं प्रांतांकडे सोपवली. त्यामुळे आजही ऑन्टॅरिओची आरोग्य विमा योजना वेगळी आणि ब्रिटिश कोलंबियाची वेगळी. केंद्र पैशाचा वाटा उचलतं आणि अटी घालतं. पण कोणतं रुग्णालय चालू राहणार, कोणती शस्त्रक्रिया खासगी केंद्राकडे जाणार, हे प्रांताच्या राजधानीत ठरतं. भारतातही सार्वजनिक आरोग्य हा विषय राज्यसूचीत आहे, म्हणून हा इतिहास आपण नीट वाचावा असं मला वाटतं.

सुरुवात सस्कॅचवानमध्ये झाली. मैलोन् मैल गव्हाची शेतं, विरळ वस्ती आणि कडाक्याची थंडी असलेला हा प्रांत. अशा ठिकाणी डॉक्टर टिकायचा कसा? 1914च्या सुमारास सार्निया या ग्रामीण पालिकेने आपला डॉक्टर निघून जाऊ नये म्हणून त्याला पालिकेच्या पैशातून मानधन द्यायला सुरुवात केली. पुढे इतर पालिकांनी तेच केलं, आणि लहान गावांनी एकत्र येऊन रुग्णालयं बांधली. 1929मध्ये प्रांताने क्षयरोगाचे उपचार मोफत केले. तिसाव्या दशकातल्या दुष्काळात आणि मंदीत शेतकऱ्यांकडे डॉक्टरला द्यायला काहीच उरलं नाही, तेव्हा पालिकेच्या डॉक्टरवरच गावं तगली. सरकारी विम्याची कल्पना या लोकांना परकी वाटली नाही, त्याचं मूळ इथे आहे.

टॉमी डग्लस हे वेबर्न गावचे बाप्टिस्ट धर्मोपदेशक. लहानपणी त्यांच्या पायाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला होता आणि पाय कापायची वेळ आली होती. विनिपेगमधल्या एका शल्यविशारदाने विद्यार्थ्यांना दाखवण्यासाठी म्हणून फुकट शस्त्रक्रिया केली, आणि पाय वाचला. मुलाचा पाय असा योगायोगावर अवलंबून राहू नये, हे डग्लस पुढे आयुष्यभर सांगत राहिले. 1944मध्ये त्यांचा सीसीएफ हा समाजवादी विचारांचा पक्ष प्रांतात सत्तेवर आला. 1946मध्ये स्विफ्ट करंट परिसरात सर्वांसाठी वैद्यकीय सेवेची प्रादेशिक योजना सुरू झाली. 1 जानेवारी 1947पासून संपूर्ण प्रांतात रुग्णालय विमा आला. वर्षाला माणशी 5 डॉलर हप्ता आणि कुटुंबाला कमाल 30. केंद्राने असा रुग्णालय विमा चालवणाऱ्या प्रांतांचा सुमारे अर्धा खर्च उचलण्याचा कायदा केला तो दहा वर्षांनी, 1957मध्ये.

पुढचं पाऊल डॉक्टरांची फीही सरकारी विम्यातून भरण्याचं होतं, आणि तिथे खरी ठिणगी पडली. 1960ची निवडणूक याच प्रश्नावर लढली गेली. डॉक्टरांच्या संघटनेने विरोधात जोरदार प्रचार केला, तरी डग्लस जिंकले. कायदा 1961च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झाला. तोवर डग्लस केंद्रातल्या राजकारणात गेले होते आणि वुड्रो लॉइड प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, झाले होते. 1 जुलै 1962ला योजना सुरू झाली आणि त्याच दिवशी प्रांतातल्या बहुतेक डॉक्टरांनी दवाखाने बंद केले. थोडी तातडीची केंद्रं तेवढी उघडी राहिली. ‘आमचे डॉक्टर आमच्याकडेच राहू द्या’ म्हणणाऱ्या समित्या गावोगाव उभ्या राहिल्या. त्यांत घाबरलेल्या आयांचीही मोठी संख्या होती. त्यांची भीती खोटी नव्हती, आणि तिला हसणं अन्यायाचं ठरेल.

23 दिवस हा संप चालला. सरकारने ब्रिटनमधून डॉक्टर आणले. पण मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते लोकांनी स्वतः केलेलं काम. गव्हाच्या विक्रीपासून दुकानापर्यंत सहकाराची सवय असलेल्या या लोकांनी वर्गणी काढली, जागा शोधल्या आणि योजनेच्या बाजूने असलेल्या डॉक्टरांना घेऊन सामुदायिक दवाखाने सुरू केले. सास्काटूनचा असा दवाखाना संप चालू असतानाच उघडला. सहकारी साखर कारखाने उभे राहताना पाहिलेल्या पिढीला त्यातली ताकद वेगळी समजावून सांगायला नको. 11 जुलैला रिजायनातल्या विधिमंडळासमोर संपाच्या बाजूने मोठा मेळावा ठरला होता. आयोजकांची अपेक्षा हजारोंच्या प्रचंड गर्दीची होती. प्रत्यक्षात आले चार-पाच हजार. वारं फिरल्याचं तिथे दिसलं. ब्रिटनहून आलेले लॉर्ड टेलर यांनी मध्यस्थी केली आणि 23 जुलैला करार झाला.

या करारात तडजोड होती, आणि तिची छाप आजवर आहे. डॉक्टर सरकारी नोकर झाले नाहीत. ते आपला व्यवसाय स्वतः चालवतात, प्रत्येक सेवेमागे फी घेतात, फक्त ती फी विमा योजना भरते. ‘सार्वजनिक’ हा शब्द तिथे मुख्यतः पैसा कोण भरतं याला लागू होतो. दवाखाना कोणाच्या मालकीचा, हा प्रश्न तेव्हा बाजूला ठेवला गेला आणि नंतर पुन्हा पुन्हा वर आला.

दरम्यान डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने मागणी केल्यावर केंद्राने न्यायमूर्ती एमेट हॉल यांचा आयोग नेमला होता. हॉल हुजूर पक्षाचे, त्यामुळे अहवाल सरकारी विम्याविरुद्ध जाईल अशी अटकळ होती. 1964च्या अहवालात त्यांनी सस्कॅचवानसारखीच योजना सगळ्या देशाला सुचवली. 1966मध्ये कायदा झाला आणि 1971पर्यंत सगळे प्रांत त्यात आले.

मिळालेलं टिकवण्याचा काळ लगेच सुरू झाला. 1977मध्ये केंद्राने खर्चाच्या प्रमाणात वाटा देणं थांबवून ठोक अनुदान दिलं. प्रांतांचा हात आखडला आणि अनेक डॉक्टर योजनेच्या दरावर रुग्णाकडून जादा पैसे घेऊ लागले. 1979मध्ये कामगार संघटना, परिचारिका, चर्च, ज्येष्ठ नागरिक यांनी मिळून कॅनेडियन हेल्थ कोअलिशन स्थापन केली. अल्बर्टात त्याच वर्षी ‘फ्रेंड्स ऑफ मेडिकेअर’ उभी राहिली. त्यांच्या रेट्यातून आणि आरोग्यमंत्री मोनिक बेजां यांच्या चिकाटीतून 1984चा कॅनडा हेल्थ अ‍ॅक्ट आला. प्रांतात रुग्णाकडून जादा पैसे घेतले गेले, तर केंद्राच्या अनुदानातून तेवढीच रक्कम कापायची, असं त्यात ठरलं. ऑन्टॅरिओने जादा आकारणीवर बंदी आणली तेव्हा 1986मध्ये तिथले डॉक्टर 25 दिवस संपावर गेले, पण बंदी टिकली.

कायदा असूनही रुग्णालय बंद करण्यापासून प्रांताला कोणी अडवत नाही. नव्वदच्या दशकात केंद्राने पैसे कमी केले आणि ऑन्टॅरिओत माइक हॅरिस सरकारच्या आयोगाने रुग्णालयं बंद किंवा विलीन करण्याचे आदेश काढले. ओटावातलं मॉन्टफर्ट हे फ्रेंच भाषेतून शिकवणारं प्रांतातलं एकमेव रुग्णालय त्या यादीत होतं. जिझेल लालोंद यांच्या नेतृत्वाखाली 22 मार्च 1997ला सुमारे दहा हजार लोक जमले. लढा न्यायालयात गेला, आणि 2001च्या डिसेंबरमध्ये अपील न्यायालयाने अल्पसंख्याकांच्या संरक्षणाचं तत्त्व मानून आयोगाचे आदेश रद्द केले. मॉन्टफर्ट आजही चालू आहे. मात्र प्रत्येक आंदोलन जिंकत नाही. अल्बर्टात 2000मध्ये खासगी शस्त्रक्रिया केंद्रांच्या विधेयकाविरुद्ध विधिमंडळासमोर रात्रीमागून रात्री निदर्शनं झाली, तरी ते मंजूर झालंच.

न्यायालयांतला सगळ्यात लांबलेला खटला ब्रिटिश कोलंबियातला. तिथल्या एका खासगी शस्त्रक्रिया केंद्राने 2009मध्ये खासगी विम्यावरच्या आणि जादा आकारणीवरच्या बंदीला आव्हान दिलं. बीसी हेल्थ कोअलिशन आणि ‘कॅनेडियन डॉक्टर्स फॉर मेडिकेअर’ त्यात हस्तक्षेपक म्हणून उभे राहिले. 2020मध्ये आव्हान फेटाळलं गेलं, 2022मध्ये अपिलातही तेच झालं आणि 2023मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुढचं अपील ऐकायला नकार दिला.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी महिनोन् महिने थांबावं लागतं, अनेकांना फॅमिली डॉक्टर मिळत नाही, हे सगळं खरं आहे. खासगीकरणाचा युक्तिवाद याच वेदनेवर उभा राहतो. संघटनांचं म्हणणं असं की परिचारिका आणि भूलतज्ज्ञ आहेत तेवढेच आहेत. ते खासगी केंद्रात गेले की सार्वजनिक रुग्णालयातली रांग आणखी वाढते. मला हे पटतं. ऑन्टॅरिओने 2023च्या मे महिन्यात नफ्यासाठी चालणाऱ्या केंद्रांना अधिक वाव देणारा कायदा केला. तेव्हा ऑन्टॅरिओ हेल्थ कोअलिशनने दुकानांबाहेर, कामाच्या ठिकाणी मतपेट्या ठेवून स्वतःच सार्वमत घेतलं. जवळपास चार लाख मतं पडली. सरकार हललं नाही. पण त्याआधी मार्चमध्येच, एमआरआयसारख्या तपासण्यांचे रुग्णांकडून पैसे घेतले गेले म्हणून केंद्राने काही प्रांतांचे मिळून 8 कोटींहून जास्त डॉलर कापले होते.

टोरांटो परिसरात स्थिरावलेल्या मराठी कुटुंबांना यातलं एक कलम थेट लागू होतं. ऑन्टॅरिओत नव्याने आलेल्या स्थलांतरितांना विमा मिळायला तीन महिने थांबावं लागे. ती अट काढावी म्हणून स्थलांतरितांच्या आणि डॉक्टरांच्या संघटना वर्षानुवर्षं मागणी करत होत्या. 2020च्या मार्चमध्ये कोविड आल्यावर ती निघाली. ब्रिटिश कोलंबियाने मात्र आपली प्रतीक्षेची अट, आलेला महिना संपल्यावर आणखी दोन महिने, कायम ठेवली.