एक धातू, दोन स्वर: रशियन शुद्धलेखनातल्या एका नियमाची पूर्वपीठिका

मॉस्कोत दुधाला ‘मलको’ म्हणतात आणि लिहितात मात्र ‘मोलोको’. आघात, म्हणजे उच्चारातला जोर, शेवटच्या ‘ओ’वर असतो, त्यामुळे आधीचे दोन्ही ‘ओ’ बोलताना ‘अ’च्या आसपास विरून जातात. आघात नसलेले ‘ओ’ आणि ‘आ’ असे एकसारखे ऐकू येण्याला रशियनमध्ये ‘आकान्ये’ म्हणतात. लिहिताना अडलं तर शाळेत उपाय सांगतात तो सोपा आहे: त्याच धातूचा असा शब्द शोधा, की जिथे त्या स्वरावर आघात येतो. ‘वोदा’ म्हणजे पाणी. त्याच्या ‘वोदी’ या अनेकवचनात आघात पहिल्या स्वरावर येतो आणि ‘ओ’ स्पष्ट ऐकू येतो, म्हणून ‘वोदा’तही ‘ओ’च लिहायचा.

वीसेक धातूंपुढे मात्र हा उपाय तोंडघशी पाडतो. ‘झागार’ म्हणजे उन्हानं रापलेला रंग. यातला दुसरा ‘आ’ आघाताचा, अगदी स्वच्छ. तरीही रापणं या क्रियापदाला ‘झागोरात्’ असं, ‘ओ’नंच लिहायचं. या धातूंची शाळेत वेगळी यादी असते, तिला ‘आलटून-पालटून येणारे स्वर’ असं नाव असतं, आणि ती पाठ करण्यावाचून गत्यंतर नसतं. माझ्या मते गोंधळाचं मूळ त्या मथळ्यातच आहे. वेगवेगळ्या काळांत, वेगवेगळ्या कारणांनी झालेल्या गोष्टी त्यानं एकाच पोत्यात भरल्या आहेत.

सगळ्यात जुनी गोष्ट मराठी माणसाला परकी वाटणार नाही. ‘उमेरेत्’ म्हणजे मरणं, ‘उमिरात्’ म्हणजे मरत असणं, ‘मोर’ म्हणजे महामारी, ‘मोरित्’ म्हणजे जीव घेणं, उपाशी मारणं. आपल्याकडचे मृत, मरण, मारणे हे शब्द याच मूळ धातूचे. ‘बेरू’ (मी घेतो) आणि संस्कृत ‘भरामि’ हेही तसेच सख्खे भाऊ. धातूतला स्वर बदलून नवा अर्थ काढण्याची ही रीत दोन्ही भाषा वेगळ्या होण्याआधीची आहे. पाणिनीनं तिला गुण आणि वृद्धी या संज्ञांनी बांधलं. पाणिनीच्या सूत्रांची युरोपातली पहिली महत्त्वाची आवृत्ती 1839-40 मध्ये ज्यानं काढली, तो ओटो ब्यॉटलिंक सेंट पीटर्सबर्गचाच. तिथल्या अकादमीनं त्याचा आणि रुडॉल्फ रोटचा संस्कृत कोश 1855 ते 1875 या काळात छापला.

स्लाव्हिक बोलींनी या रीतीत स्वतःची भर घातली. क्रिया पुन्हा पुन्हा होते किंवा चालू राहते हे दाखवायला धातूतला स्वर दीर्घ करायचा. ऱ्हस्वाचा पुढे ‘ओ’ झाला आणि दीर्घाचा ‘आ’. ‘प्रेद्लोझित्’ म्हणजे एकदा देऊ करणं, ‘प्रेद्लागात्’ म्हणजे देऊ करत राहणं. ‘कोस्नुत्स्या’ म्हणजे एकदा स्पर्श करणं, ‘कासात्स्या’ म्हणजे स्पर्श करत असणं. ‘सोबेरू’ (मी गोळा करेन) आणि ‘सोबिरात्’ (गोळा करत असणं) या जोडीतला ‘इ’सुद्धा असाच, एका अतिऱ्हस्व स्वराच्या दीर्घत्वातून आलेला. ‘धातूनंतर आ प्रत्यय आला तर कास, बिर लिहा’ हा शाळेतला नियम म्हणजे त्या जुन्या व्याकरणाची उरलेली सावली. मुलांना ते कुणी सांगत नाही, हे नवल नाही. ‘मूल’चं ‘मुलाला’ का होतं, हे आपल्याला तरी कुणी सांगितलं?

दुसरी गोष्ट धर्माबरोबर आली. 988 मध्ये कीव्हनं ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि बल्गेरियाकडून ग्रंथ येऊ लागले. दक्षिणेकडच्या त्या ग्रंथभाषेत ज्या शब्दांच्या सुरुवातीला ‘रा’ होतं, त्यांतल्या कित्येकांत स्थानिक बोलीत ‘रो’ होतं. रशियननं दोन्ही ठेवून घेतले आणि कामं वाटून दिली: ‘राव्नी’ म्हणजे समान, ‘रोव्नी’ म्हणजे सपाट. तुलना करायची ती ‘राव्न’नं, रस्ता सपाट करायचा तो ‘रोव्न’नं. अमूर्त अर्थ पोथीच्या शब्दाकडे गेला आणि पायाखालचा गावच्या शब्दाकडे राहिला.

वाढणं या अर्थाच्या ‘रास्त/रोस’ धातूतही हाच पेच आहे. ‘रास्तेनिये’ (वनस्पती) मध्ये ‘आ’, ‘विरोस्ली’ (वाढले) मध्ये ‘ओ’. त्यावर अपवाद म्हणून रोस्तोव हे शहर, रोस्तिस्लाव हे नाव, ‘रोस्तोक’ म्हणजे कोंब आणि ‘रोस्तोव्श्चिक’ म्हणजे व्याजबट्टा करणारा सावकार. पैशाची ‘वाढ’ म्हणजे व्याज, म्हणून हा शब्द. संस्कृतातही व्याजाला वृद्धी म्हणत आणि आपल्या सावकारांची वाढीदिढी तर जुन्या लोकांना अजून आठवते.

या सगळ्यावर आकान्येनं बोळा फिरवला. मॉस्कोत 1339-40 च्या सुमारास लिहिलेल्या सिय्स्की शुभवर्तमान या हस्तलिखित धर्मग्रंथातल्या नोंदीत ‘ओसाड पडलेली’ या अर्थाचा शब्द ‘ओ’ऐवजी ‘आ’नं सुरू होतो. लेखनिकानं कानावर विश्वास ठेवला होता. कानानं लिहावं की परंपरेनं, हा वाद अठराव्या शतकात जाहीरपणे पेटला. 1748 मध्ये कवी त्रेद्याकोव्स्कीनं उच्चाराची बाजू घेतली. शास्त्रज्ञ आणि कवी लोमोनोसोवनं 1755 मध्ये पुरं केलेल्या व्याकरणात उलट कौल दिला. गंमत अशी की तो उत्तरेकडचा, म्हणजे ‘ओ’ स्पष्ट उच्चारणाऱ्या मुलखातला. मॉस्कोचा ‘आ’ कानाला गोड लागतो हे त्यानं मोकळेपणानं मान्य केलं, पण सगळ्यांनी तसंच लिहायचं ठरवलं तर रशियाच्या मोठ्या भागाला बोलणं-वाचणं जबरदस्तीनं नव्यानं शिकवावं लागेल, असं बजावलं. शेजारच्या बेलारूसी भाषेनं पुढे दुसरी वाट धरली. तिथे दूध लिहितातही ‘मालाको’.

रशियनमध्ये परंपरा जिंकली खरी, पण प्रत्येक धातूची परंपरा कोणती हे कुणीतरी ठरवायला हवं होतं. 1885 मध्ये भाषातज्ज्ञ याकोव ग्रोतची शुद्धलेखनाची नियमावली आली आणि पुढची तीसेक वर्षं शाळा तिच्यावर चालल्या. 1917-18 च्या सुधारणेनं काही अक्षरं काढून टाकली, या धातूंना मात्र हात लावला नाही. आताची रीत 1956 च्या अधिकृत नियमांची. त्यात आघात नसताना ‘गोर’ (‘झागोरात्’मधला), पण ‘झार’ (‘झार्या’ म्हणजे पहाट) मात्र ‘आ’नं, असे उलटसुलट निवाडे शेजारी शेजारी बसले आहेत. पहाटेचं अनेकवचन ‘झोरी’, तिथे आघाताखाली ‘ओ’ ऐकू येत असूनही!

1964 मध्ये सुधारणेचा मोठा मसुदा प्रसिद्ध झाला. सशाला ‘झायात्स’ऐवजी ‘झायेत्स’ लिहायची त्यातली सूचना लोकांना झोंबली, आणि ऑक्टोबरात सोव्हिएत नेते ख्रुश्चेव पायउतार झाल्यावर अख्खा मसुदाच फडताळात गेला. धातूंची यादी जिथे होती तिथेच राहिली, रोस्तोवच्या अपवादासकट.