चर्चिल संसदेत किती बोलले? हॅन्सार्डच्या नोंदींची पार्श्वभूमी

विन्स्टन चर्चिल १९०० मध्ये ओल्डहॅममधून ब्रिटिश संसदेच्या कॉमन्स सभागृहावर निवडून आले आणि १९६४ मध्ये बाहेर पडले. १९२२ ते १९२४ हा काळ आणि १९०८ मधले काही दिवस सोडले, तर खासदारकी अखंड. एवढ्या काळात ते किती बोलले, याचं उत्तर कुठल्या सालचं हॅन्सार्ड, म्हणजे तिथल्या भाषणांच्या नोंदींचा छापील खंड, उघडता यावर अवलंबून आहे.

त्यांचं पहिलं भाषण १८ फेब्रुवारी १९०१ चं, बोअर युद्धावरचं. तेव्हा सभागृहाचे स्वतःचे लघुलेखक नव्हते. खासगी ठेकेदार बऱ्याच अंशी वृत्तपत्रांतल्या वृत्तांतांवरून खंड तयार करायचे. मोठ्या नेत्यांचं सविस्तर यायचं, मागच्या बाकांवरच्यांचं त्रोटक. सदस्याने स्वतः तपासलेल्या भाषणापुढे तारांकन असे. दादाभाई नवरोजींची १८९२ ते १८९५ मधली भाषणंही याच पद्धतीची, तेव्हा ती वाचताना तारांकन आधी शोधावं.

१९०९ पासून नोंद सभागृहाच्या ताब्यात आली आणि प्रथमपुरुषी, जवळजवळ शब्दशः झाली. ‘जवळजवळ’ अशासाठी की पुनरुक्ती गाळली जाते, उघड चुका सुधारल्या जातात. शेरेबाजी तर बोलणाऱ्याने तिला उत्तर दिलं तरच छापली जाते. चर्चिल यांच्याबाबत पडताळणीची सोय आहे: १९०४ मध्ये पाठ केलेलं भाषण ऐन सभागृहात विसरल्यापासून ते पूर्ण टिपण हाती ठेवत. ४ जून १९४० च्या प्रसिद्ध भाषणाचं सभागृहातलं ध्वनिमुद्रण नाही. आज ऐकू येतो तो आवाज त्यांनी १९४९ मध्ये मुद्रित केला. त्यामुळे मूळ शब्दांसाठी हॅन्सार्डच पाहावं लागतं.

युद्धकाळातल्या गुप्त बैठकांची भाषणं मात्र त्यात नाहीत. २० जून १९४० च्या भाषणाची तर नुसती टिपणं उरली.

मोजणीत खरी गफलत होते ती वेगळीच. सदस्य उभा राहिला की नवी नोंद. पंतप्रधानांनी एकाच प्रश्नावर चार पुरवणी उत्तरं दिली, तर त्याही चार नोंदी, एका वाक्याच्या असल्या तरी. तासाभराचं भाषण मात्र एकच. म्हणून सत्तेतली वर्षं फुगलेली दिसतात आणि १९३० च्या दशकातली, मंत्रिपदाविना गेलेली, रोडावलेली. नोंदींऐवजी स्तंभ, म्हणजे छापील पानावरचे रकाने, मोजावेत, प्रश्नोत्तरं वेगळी काढावीत, आणि ‘द प्राइम मिनिस्टर’ अशा पदनामाखालच्या नोंदीही तपासाव्यात. एप्रिल १९५५ मध्ये पंतप्रधानपद सोडल्यावर ते आणखी नऊ वर्षं खासदार होते, पण जवळजवळ बोललेच नाहीत. वार्षिक सरासरी काढायची तर ही वर्षं आधी बाजूला ठेवावी लागतात.