दहावा माणूस कामाला लागला की: कोल्हापूरच्या वर्कशॉपवाल्यांसाठी ईएसआय नोंदणी आणि अपघात अहवालाची माहिती

उद्यमनगरातल्या एका शेडमधून संध्याकाळी सातच्या सुमारास फोन आला. "पावणं, पोराचं नाव आजच्या आज चढवता येतंय काय बघा की." मी छोट्या वर्कशॉपची पगारपत्रकं आणि चलनं सांभाळतो, त्यामुळं पुढचं विचारावं लागलं नाही. पोराला लागलं होतं आणि त्याचं नाव ईएसआयला, म्हणजे कर्मचारी राज्य विमा योजनेत, नव्हतं. पॉवर प्रेसवर उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. चार महिने झाले होते कामाला येऊन. शेडमध्ये माणसं अकरा, कागदावर सात. भिंतीवर ४ मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाचा बॅनर तेवढा शपथेसकट लटकत होता.

नाव चढवता आलं असतं, पोर्टल कुणाला अडवत नाही. पण अपघाताच्या दिवशी किंवा त्यानंतर केलेली नोंद चौकशीत अडकते. कामगाराचा हक्क बुडत नाही, ही योजना चालवणारं महामंडळ, म्हणजे ईएसआयसी, त्याला लाभ देऊ शकतं. मात्र हप्ता भरायची जबाबदारी असून ज्यानं भरला नाही, त्या मालकाकडून ती रक्कम वसूल करायचा अधिकार महामंडळाला आहे. महिन्याला काही शे रुपये वाचवायला गेलेला माणूस काही लाखांत अडकतो तो इथं. म्हणून ही माहिती अपघाताच्या आधी वाचायची आहे.

कुणाला लागू

दहा किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या कारखान्याला ईएसआय लागू होतं. मशीन विजेवर चालो वा हातानं, फरक पडत नाही. मोजणीत हेल्पर येतो, झाडलोट करणारी बाई येते, ऑफिसात बिलं बनवणारा पोरगा येतो आणि कंत्राटदारानं आणलेली माणसंही येतात. आपल्याकडं सगळ्यात जास्त घोळ या शेवटच्या गटात होतो. फौंड्रीत मोल्डिंग (साचे बनवणं) एका कंत्राटदाराकडं, फेटलिंग (ओतलेले भाग घासून साफ करणं) दुसऱ्याकडं आणि मालकाच्या नावावर चारच माणसं, अशी रचना शिरोलीपासून गोकुळ शिरगावपर्यंत सगळीकडं दिसते. कायद्याच्या नजरेत मुख्य मालक तोच, ज्याच्या शेडमध्ये काम चालतं. हप्ता आधी त्यानं भरायचा, मग कंत्राटदाराच्या बिलातून कापून घ्यायचा.

"आम्हाला फॅक्टरी लायसन लागत नाही, मग ईएसआय कशाला?" हा प्रश्न मला महिन्यातून दोनदा तरी ऐकावा लागतो. दोन्हींचे आकडे वेगळे आहेत. नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेत कारखाना म्हणजे विजेवर २० आणि विजेशिवाय ४० कामगार. ईएसआयला दहाच पुरेत. आणि एकदा लागू झालं की पुढं माणसं सहावर आली तरी सुटका नाही, ते चालूच राहतं.

कामगाराच्या बाजूनं अट पगाराची. १ जानेवारी २०१७ पासून ही मर्यादा महिना २१,००० रुपये आहे, दिव्यांग कामगारासाठी २५,०००. ओव्हरटाइम धरून आकडा २१,००० च्या वर गेला म्हणून माणूस बाहेर पडत नाही. हप्त्याची सहामाही, म्हणजे हप्ता मोजायचा सहा महिन्यांचा टप्पा, चालू असताना पगार वाढून मर्यादा ओलांडली, तरी ती सहामाही संपेपर्यंत कपात करायचीच.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून १९४८ चा ईएसआय कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत सामावला गेला. त्यात 'वेतन' या शब्दाची व्याख्या बदलली आहे. भत्ते एकूण पगाराच्या निम्म्याहून जास्त असतील, तर वरचा भाग वेतनातच धरायचा. समजा एकूण २४,०००, त्यात मूळ पगार ९,००० आणि भत्ते १५,०००. निम्मे म्हणजे १२,०००. भत्त्यातले जादाचे ३,००० मूळ पगारात मिळवले की वेतन १२,००० ठरतं आणि माणूस मर्यादेच्या आत येतो. तेव्हा "ह्याला चोवीस देतोय, हा बाहेर" असं नुसत्या अंदाजानं ठरवू नका, पगारपत्रक समोर घेऊन बसा.

नोंदणीचा अर्ज

दहावा माणूस लागल्यापासून पंधरा दिवसांत अर्ज करायचा. सगळं ऑनलाइन आहे, फी नाही. एजंटनं 'सरकारी फी' म्हणून काही मागितलं तर पावती मागा.

ईएसआयसीच्या संकेतस्थळावर एम्प्लॉयर लॉगिनमध्ये साइन-अप करायचं. युनिटचं नाव, मालकाचं नाव, राज्य, मोबाइल आणि ईमेल दिला की ईमेलवर युजर आयडी येतो. ईमेल स्वतःचा द्या. कन्सल्टंटचा दिला आणि पुढं त्याच्याशी बिनसलं, तर स्वतःच्याच युनिटचा पासवर्ड मिळवायला हेलपाटे पडतात. हे मी स्वतः कन्सल्टंट असून सांगतोय.

लॉगिन झाल्यावर नवीन नोंदणीचा फॉर्म. त्यात कामाचं स्वरूप, मालकीचा प्रकार, पॅन, पत्ता आणि दहा माणसं कोणत्या तारखेला पूर्ण झाली ते भरायचं. ही तारीख हजेरीपत्रकाशी जुळली पाहिजे, कारण हप्त्याची जबाबदारी तिथूनच मोजली जाते. शेवटी सी-११ हे नोंदणीचं पत्र आणि १७ अंकी कोड नंबर मिळतो. पत्राची प्रत काढून फाइलला लावा. प्रायव्हेट लिमिटेड कंपनी अलीकडं काढली असेल, तर कंपनी नोंदणीबरोबरच कोड मिळालेला असतो. तो आधी शोधा, दुसरा काढू नका.

जवळ ठेवायची कागदपत्रं:

- युनिटचं आणि मालकाचं पॅन. भागीदारी असेल तर भागीदारीपत्र, कंपनी असेल तर संचालकांची यादी
- शॉप अ‍ॅक्ट, उद्यम किंवा फॅक्टरी लायसन, यांतलं जे असेल ते, आणि जीएसटी प्रमाणपत्र
- जागेचा पुरावा: भाडेकरार, घरफाळा पावती किंवा एमआयडीसीचं वाटपपत्र, सोबत वीजबिल
- रद्द केलेला चेक किंवा बँक स्टेटमेंट
- पहिलं विक्री बिल किंवा काम सुरू झाल्याचा दुसरा पुरावा
- हजेरीपत्रक आणि पगारपत्रक, कामावर लागल्याच्या तारखांसह

भाडेकराराची एक अडचण उद्यमनगरात हटकून येते. शेड आजोबांच्या नावावर, वीजबिल काकांच्या नावावर आणि जीएसटी पुतण्याच्या. अशा वेळी साध्या कागदावर का होईना, पण संमतिपत्र करून ठेवा, म्हणजे पत्त्यावरून विचारणा झाली तर उत्तर हाताशी असतं.

कामगाराची नोंद

युनिटचा कोड मिळाला म्हणजे कामगार विमाधारक झाला, असं नाही. प्रत्येकाची नोंद वेगळी, कामावर घेतल्यापासून दहा दिवसांत. आधार, मोबाइल नंबर, बँक पासबुक, घरच्यांची नावं आणि जन्मतारखा, कुटुंबाचा फोटो आणि वारसाचं नाव एवढं लागतं. त्यावर दहा अंकी विमा क्रमांक आणि ई-पहचान कार्ड निघतं. कार्डाची प्रिंट कामगाराच्या हातात द्या, तुमच्या कपाटात तिचा उपयोग नाही.

आधारवर 'दत्तात्रय', पासबुकात 'दत्ता' असली गंमत पुढं पैसे जमा होताना नडते. पहिल्याच दिवशी नावं जुळवून घ्या. बिहार-उत्तर प्रदेशातून किंवा सीमेपलीकडून आलेल्या कामगाराचं कुटुंब गावाकडं असेल, तर त्यांच्यासाठी तिथला दवाखाना वेगळा निवडता येतो. हे बहुतेकांना सांगितलंच जात नाही.

हप्ता

१ जुलै २०१९ पासून कामगाराचे ०.७५ टक्के आणि मालकाचे ३.२५ टक्के. १८,००० पगारावर कामगाराचे १३५, मालकाचे ५८५. सरासरी रोज १७६ रुपयांपर्यंत असलेल्या कामगाराकडून त्याचा वाटा घ्यायचा नाही, मालकानं मात्र आपला भरायचा. चलन पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत. उशीर झाला तर वर्षाला १२ टक्के व्याज, वर दंड वेगळा.

अपघात झाला तर

आधी माणसाला दवाखान्यात न्या. कोल्हापुरात ईएसआयसीचं रुग्णालय आहे, पण रक्त थांबत नसेल तर जे जवळ असेल ते गाठा. कागद नंतर होतात, मात्र फार नंतर नाही.

अपघाताची नोंद वहीत, म्हणजे फॉर्म ११ मध्ये, त्याच दिवशी करायची. अहवाल, म्हणजे फॉर्म १२, चोवीस तासांच्या आत एम्प्लॉयर लॉगिनमधून पाठवायचा. मृत्यू झाला असेल किंवा इजा गंभीर असेल तर तत्काळ. अहवालात वेळ, शिफ्ट, मशीन, शरीराचा कोणता भाग, नेमकं काय करताना लागलं आणि कुणी पाहिलं, हे विचारतात. इथं मालक घाबरून गोलमाल लिहितात. "काम करताना हाताला लागले" या ओळीतून काहीच कळत नाही. "सायं. ६.४० वाजता प्रेस नंबर २ वर वॉशर पंच करताना, अडकलेला तुकडा हातानं काढताना पेडल दाबलं गेलं" असं लिहा. शाखा कार्यालयाला अपघात कामातूनच घडला हे पटायला तपशील लागतो. आणि असं लिहिताना मालकालाही दिसतं की प्रेसचा गार्ड कधीतरी 'प्रॉडक्शन निघत नाही' म्हणून काढून कोपऱ्यात ठेवलेला होता.

त्या वहीची मागची पानं वाचायची सवय लावा. एका वर्कशॉपमध्ये ड्रिल मशीनवर वर्षभरात तीन वेळा बोट सापडलं होतं, तिन्ही वेळा हातात मोजे होते. सुरक्षा म्हणून सगळ्यांना मोजे वाटले होते, पण फिरत्या ड्रिलवर मोजा घातला की तोच गुंडाळला जातो आणि हात ओढतो. फौंड्रीत तसंच ओल्या भंगाराचं. पावसाळ्यात भिजलेलं भंगार भट्टीत पडलं की पाण्याची क्षणात वाफ होते आणि वितळलेलं लोखंड उसळून बाहेर येतं.

कामावर येता-जाता झालेला रस्त्यावरचा अपघातही यात धरतात, फक्त वेळ, ठिकाण आणि कामाचा संबंध जुळला पाहिजे. शिफ्ट सुटल्यावर हायवेवरून मोटरसायकलनं घरी जाणाऱ्यांसाठी ही मोठी गोष्ट आहे. पोलिसांच्या कागदाची प्रत आणि त्या दिवशीची हजेरी जपून ठेवा.

मिळतं काय? उपचारांशिवाय, तात्पुरतं अपंगत्व असेपर्यंत सरासरी रोजगाराच्या ९० टक्के. १८,००० पगाराला दिवसाला साधारण ५४० रुपये. यासाठी किती दिवस हप्ता भरला ही अट नाही, कामावरचा पहिला दिवस असला तरी चालतो. फक्त अपघाताचा दिवस सोडून किमान तीन दिवस काम बंद असावं लागतं. बोट, डोळा कायमचा गेला तर वैद्यकीय मंडळ कमाईची क्षमता किती टक्के घटली ते ठरवतं आणि त्या प्रमाणात दर महिन्याला रक्कम मिळत राहते. मृत्यू झाल्यास अवलंबितांना मासिक लाभ आणि अंत्यसंस्कारासाठी १५,००० रुपयांपर्यंत. फेटलिंगच्या धुळीनं होणारा सिलिकोसिस हा व्यवसायजन्य आजार आहे, तोही याच हिशेबात बसतो. खोकला सिगारेटचा म्हणून झटकण्याआधी छातीची तपासणी करून घ्या.

आजारपण आणि बाळंतपण

साध्या आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत ७० टक्के रोजगार मिळतो, त्यासाठी आधीच्या सहामाहीत ७८ दिवसांचा हप्ता हवा. बाळंतपणाला २६ आठवडे पूर्ण वेतन. क्षयरोग, कर्करोग, गंभीर मानसिक आजार अशा ३४ दीर्घ आजारांत दोन वर्षांपर्यंत ८० टक्के मिळू शकतात, दोन वर्षांची सलग नोकरी आणि हप्त्याचे दिवस पुरे असतील तर. मानसिक आजाराबद्दल शेडमध्ये कुणी बोलत नाही, त्यामुळं हा लाभ मागायला येणारा मी अजून पाहिलेला नाही. लाभ चालू असताना आजारपणाच्या कारणावरून माणसाला कामावरून काढता येत नाही.

नव्या व्यावसायिक सुरक्षा संहितेनुसार ४० वर्षांवरच्या कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी आणि प्रत्येकाला नेमणूकपत्र द्यायचं आहे. नेमणूकपत्र दिलं की कामावर लागल्याच्या तारखेचा वादही मिटतो.

दहापेक्षा कमी माणसं असतील तर

ईएसआय नाही म्हणजे जबाबदारी नाही, असं नव्हे. उलट इथं भरपाई मालकाच्या खिशातून जाते. हिशेब बघा. मृत्यू झाल्यास मासिक वेतनाच्या निम्मे गुणिले वयाचा गुणक. वेतन १५,००० पर्यंतच धरतात. तीस वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८, म्हणजे ७,५०० गुणिले २०७.९८ बरोबर १५,५९,८५० रुपये. पाच माणसांच्या लेथ शॉपला एवढी रक्कम झेपणार आहे का? विमा कंपन्यांकडं कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी मिळते. ती घेताना माणसांची संख्या आणि कामाचं स्वरूप खरं लिहा. प्रेसवरच्या माणसाला 'पॅकिंग' दाखवून हप्ता कमी केला, तर दाव्याच्या वेळी कंपनी हेच पान उघडते.

त्या पोराचं काय झालं, असं विचाराल. मालकानं दवाखान्याचं बिल भरलं, चौकशीला हजेरीपत्रक नेलं, आणि अकराही माणसांचा मागचा हप्ता व्याजासह भरला. बिल, व्याज आणि वकील मिळून जे गेलं, त्यात सगळ्यांचा कित्येक वर्षांचा हप्ता निघाला असता. पोरगा आता डाव्या हातानं व्हर्निअर (माप घ्यायचं साधन) धरायला शिकलाय, क्वालिटीला बसतो.

कामगाराला आपलं नाव आहे की नाही ते बघायचं असेल, तर मालकाला विचारायची गरज नाही. विमा क्रमांक टाकून पोर्टलवर विमाधारकाच्या लॉगिनमध्ये कोणत्या महिन्याचा हप्ता भरला ते दिसतं. क्रमांकच नसेल तर ईएसआयसीचा टोल फ्री नंबर १८००-११-२५२६, नाहीतर आधार आणि पगाराची एखादी चिठ्ठी घेऊन सरळ शाखा कार्यालयात जायचं.