विद्यापीठातलं संशोधन लोकांपर्यंत नेणं (बडोद्याच्या संदर्भाने)

विद्यापीठाच्या लॅबमध्ये जे सापडतं ते शास्त्रज्ञ नसलेल्या माणसाला कळेल असं सांगणं, यालाच विज्ञान प्रसार म्हणतात. लेख, जाहीर व्याख्यानं, म्युझियम, शाळेतली प्रात्यक्षिकं, आता यूट्यूब, सगळं यात येतं. लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये मायकेल फॅरेडे या शास्त्रज्ञाच्या पुढाकाराने 1825 पासून नाताळात मुलांसाठी व्याख्यानं होतात, आणि आपल्याकडे 28 फेब्रुवारी हा विज्ञान दिन, 1928 च्या रामन इफेक्टच्या शोधामुळे.

बडोद्यात ही गोष्ट तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या (एम.एस. युनिव्हर्सिटी, 1949) बरीच आधीची आहे. सयाजीराव महाराजांच्या काळात 1890 ला कलाभवन ही तंत्रशिक्षणाची शाळा निघाली, त्रिभुवनदास गज्जर हे केमिस्ट त्यामागे होते, तिथे रंगाईसारखे धंदे त्यामागच्या रसायनशास्त्रासकट शिकवायचे आणि तेही गुजरातीतून. 1894 ला कमाटीबागेतलं म्युझियम झालं, आज तिथे निळ्या देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे. 1906 ला संस्थानभर प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, मग 1910 ला अमेरिकेहून बोर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावून गावोगावी वाचनालयं आणि पेट्यांमधून फिरणारी पुस्तकं. म्हणजे आधी वाचणारा तयार केला आणि मग पुस्तक त्याच्या गावात नेलं, माझ्या मते हाच क्रम बरोबर आहे.

आज अडतं ते भाषेपाशी. एम.एस. युनिव्हर्सिटीत शिकवणं इंग्रजीत, बाजारात गुजराती, दांडिया बाजारातल्या घरात मराठी, त्यामुळे फूड्स अँड न्यूट्रिशनमध्ये पीएचडी करणारी मुलगी आपण काय शोधतोय ते स्वतःच्या आजीला सांगायला बसली की अर्ध्या वाक्यात अडकते, आणि खरं तर आहाराबद्दलचं संशोधन आजीलाच सगळ्यात आधी कळायला हवं. केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाने 2018 मध्ये ‘अवसर’ ही योजना काढली, पीएचडी करणाऱ्यांनी आपल्या कामावर सोपा लेख लिहायचा आणि त्याला बक्षीस. असं प्रत्येक विद्यापीठाने आपापल्या शहराच्या भाषांत करावं असं मनापासून वाटतं.

दुसरी अडचण फुगवून सांगण्याची. "अमुक खाल्ल्याने तमुक रोगाचा धोका 50 टक्क्यांनी वाढतो" अशी बातमी आली की माणूस घाबरतो, पण आधी 1000 जणांत 2 जणांना तो रोग व्हायचा तो आता 3 जणांना होतो, असंही त्याच वाक्याचं गणित असू शकतं. म्हणून मूळ आकडा, प्रयोग उंदरांवर का माणसांवर, किती जणांवर, पैसा कोणाचा, आणि इतर तज्ज्ञांनी पेपर तपासलाय का, हे सांगितल्याशिवाय सांगणं पूर्ण होत नाही. दोष नेहमी पत्रकारांवर जातो. पण 2014 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकामध्ये एक अभ्यास छापून आला, त्यात ब्रिटनच्या 20 विद्यापीठांची आरोग्यावरची 462 प्रसिद्धीपत्रकं मूळ पेपरांशी ताडून बघितली होती. 40 टक्के पत्रकांत वाचकांना दिलेला सल्ला मूळ पेपरपेक्षा फुगवलेला, 36 टक्क्यांत प्राण्यांवरचा निष्कर्ष माणसांना लावताना अतिशयोक्ती, म्हणजे मीठमसाला बऱ्याचदा विद्यापीठातूनच लागून येतो. आणि एवढं करून फुगवलेल्या पत्रकांना जास्त बातम्या मिळाल्या असंही त्या अभ्यासात फारसं दिसलं नाही.