निळा रंग म्हणजे नुसतं फिनॉल नव्हे

सोलापुरात डाळिंबाच्या तपासणीचा विषय निघाला की एक समज हमखास ऐकू येतो: फोलिन-सिओकाल्टो चाचणीत रंग जितका गडद निळा, तितकी फिनॉलिक संयुगं, म्हणजे वनस्पतीतली तुरट, ऑक्सिडीकरण रोखणारी रसायनं, जास्त. तसं नाही. चाचणीतलं १९२७ सालचं हे अभिकर्मक, म्हणजे रंग बदलून पदार्थ दाखवणारं रसायन, फक्त फिनॉलच ओळखतं असं नाही. जो पदार्थ इलेक्ट्रॉन देईल, त्याच्यामुळे ते निळं होतं. रसात चिमूटभर क जीवनसत्त्व टाका. फिनॉल तेवढंच राहतं, ७६५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशात घेतलेलं निळ्या रंगाचं वाचन मात्र चढतं! अहवालातला आकडाही गॅलिक आम्ल या एका साध्या फिनॉलच्या तुलनेतला असतो, प्रत्यक्ष वजन नव्हे. एवढ्यावरच एक वाण दुसऱ्याहून सरस ठरवणं मला अन्यायाचं वाटतं. 'भगवा' वाणाच्या सालीत प्युनिकॅलाजिन हे डाळिंबातलं फिनॉलिक संयुग नेमकं किती, हे हवं असेल तर एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली तपासणी करून घ्या. तिथे संयुगं वेगवेगळी करून मोजतात.