‘कुठलं पाव्हणं?’ की ‘वय किती?’ : कार्बन-१३ आणि कार्बन-१४ यांतला घोळ

कोल्हापूरला घरी गेले की काका हमखास मातीचं ढेकूळ माझ्या हातावर ठेवतात. “अगं, एवढी शिकलीस, ह्या मातीचं वय सांग की.”

मी भूरसायनवाली. माती आणि गाळातल्या सेंद्रिय पदार्थांचे स्थिर आयसोटोप (म्हणजे एकाच मूलद्रव्याचे कमी-जास्त वजनाचे, न घटणारे अणू) मोजण्यात वीसेक वर्षं गेली, आणि या वीस वर्षांत मी एकदाही कशाचं वय काढलेलं नाही. हे सांगितलं की काकांचा चेहरा पडतो. “मग ते कार्बन डेटिंग?” ते शेजारच्या खोलीतलं काम. माझं नव्हे.

दोष काकांचा नाही. दोन्हीकडे कार्बन, दोन्हीकडे आयसोटोप, नावात फक्त एका आकड्याचा फरक. त्यात वय काढणाऱ्या प्रयोगशाळेचा रिपोर्ट आला की त्यावर दोन्ही आकडे शेजारी शेजारी छापलेले असतात. पत्रकारच काय, इतिहासाचे प्राध्यापकही चुकीच्या रकान्यावर बोट ठेवताना मी पाहिलेत.

निसर्गातल्या कार्बनपैकी जवळपास ९८.९ टक्के कार्बन-१२ असतो आणि १.१ टक्के कार्बन-१३. हे दोघे कायमचे. आज आहेत तसेच लाखो वर्षांनी राहतील. कार्बन-१४ मात्र एक लाख कोटी अणूंत जेमतेम एखादा, आणि तोही नाशवंत. अवकाशातून येणाऱ्या किरणांमुळे वरच्या हवेतल्या नायट्रोजनपासून तो बनत राहतो, झाडं तो हवेतून घेतात, झाडांकडून तो आपल्यात येतो. जीव गेला की आवक बंद. मग दर ५,७३० वर्षांनी उरलेला निम्मा होत जातो. पन्नासेक हजार वर्षांपुढे मोजण्याजोगं काही उरत नाही. विलार्ड लिबी यांनी १९४९ साली या हिशेबाने वयं काढून दाखवली आणि १९६० साली त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. घड्याळ आहे ते, सरळसोट.

मग ज्याचं काही घटतच नाही त्या कार्बन-१३ चा उपयोग काय? कोल्हापुरात अनोळखी माणूस दिसला तर पहिला प्रश्न वयाचा नसतो. ‘कुठलं पाव्हणं?’ असा असतो. कार्बन-१३ त्या प्रश्नाचं उत्तर देतो.

हे उत्तर उसाच्या फडात उभं राहून जितकं नीट समजतं तितकं पुस्तकात समजत नाही. भात, भुईमूग, सोयाबीन, आंबा, बांधावरचा कडुनिंब ही सगळी झाडं हवेतला कार्बन डायऑक्साइड घेताना हलका कार्बन-१२ पसंत करतात आणि जड कार्बन-१३ शक्यतो टाळतात. ही आवडनिवड ज्या विकराची, त्याचं नाव रुबिस्को. ऊस, जोंधळा, मका, नाचणी यांची रीत वेगळी. ती आधी कार्बन डायऑक्साइड पकडून पानातल्या आतल्या पेशींत कोंडतात आणि मग तिथे रुबिस्कोला जेवायला बसवतात. बंद खोलीतल्या पंगतीत निवडायला वाव कुठला? ताटात पडेल ते संपवायचं. त्यामुळे उसात कार्बन-१३ चं प्रमाण भातापेक्षा जास्त राहतं. प्रकाशसंश्लेषणाचा हा दुसरा मार्ग हॅच आणि स्लॅक या दोघांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उलगडला, तोही उसाच्याच पानात. आमच्या जिल्ह्यात हे शाळेत अभिमानाने शिकवायला हवं होतं असं मला कायम वाटतं.

हा फरक मोजायचा तर दरहजारी भाषेत. अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनामधल्या पी डी थरातल्या बेलेम्नाइट या जीवाश्माची चुनखडी हे शून्य. भातासारख्या पिकांचा आकडा साधारण उणे २७ येतो, उसाचा उणे १२ च्या आसपास. म्हणजे उसात त्या चुनखडीपेक्षा कार्बन-१३ हजारी १२ ने कमी, भातात २७ ने कमी. या पंधरा-एक हजारांशांवर माझं सगळं पोटपाणी चाललंय.

काकांना यातून लगेच एक धंदेवाईक कल्पना सुचली. “आमच्या गुळात साखर नाही असं तुझ्या मशीनवरनं लिहून दे.” ते येत नाही. साखरही उसाची, गूळही उसाचा, दोघांचं गाव एकच. गगनबावड्याकडचा मध आणलात तर मात्र उसाच्या पाकाची भेसळ पकडता येते, कारण मधमाश्या बहुतेक करून भाताच्या गटातल्या झाडाझुडपांवर बसतात. त्यासाठी मधाची तुलना त्याच मधातल्या प्रथिनाशी करतात. पाक ओतला तरी प्रथिन बदलत नाही. दोन्हींत हजारी एकाहून जास्त फरक पडला, म्हणजे भेसळ ७ टक्क्यांच्या पुढे, तर मध संशयित. लबाड माणूस मग तांदळाचा पाक ओततो आणि या चाचणीतून सुटतो. या दोन्ही प्रकरणांत कार्बन-१४ काहीच बोलणार नाही. मध, गूळ, पाक, सगळे एकाच वयाचे, अगदी अलीकडचे.

उलटं उदाहरण पेट्रोलपंपावर आहे. पेट्रोलमध्ये इथेनॉल खरंच किती मिसळलंय? खनिज तेल कोट्यवधी वर्षांचं, त्यातला कार्बन-१४ केव्हाच संपलेला. इथेनॉल ताज्या पिकाचं, त्यात तो पुरेपूर. कार्बन-१४ मोजा, हिस्सा कळतो. पण ते इथेनॉल उसाच्या मळीचं की फुटक्या तांदळाचं, हे विचारायचं तर पुन्हा कार्बन-१३ कडे यावं लागतं. आणि मक्याचं असेल तर तोही हात टेकतो, कारण मका उसाच्याच गोटातला.

यंत्रंही वेगळी. माझ्याकडे वाळवलेली, वस्त्रगाळ केलेली माती कथलाच्या इवल्याशा कपात घालून चिमट्याने गोळी करतात. ती साधारण हजार अंशांच्या भट्टीत जळते, कार्बन डायऑक्साइड निघतो आणि मास स्पेक्ट्रोमीटर ४४ (कार्बन-१२ वाले) आणि ४५ (कार्बन-१३ वाले) वजनाचे रेणू वेगळे करून गुणोत्तर सांगतो. सगळं दहा-पंधरा मिनिटांत. कार्बन-१४ इतका विरळ की त्याला अणूंना प्रचंड वेग देणारा त्वरक लागतो, कार्बनचं आधी ग्रॅफाइट करावं लागतं, आणि खर्चही कितीतरी जास्त. दोघांना सारखाच छळणारा शत्रू म्हणजे चुना. आपल्या काळ्या मातीत चुनखडीचे बारीक खडे असतात. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की सोड्यासारखी फसफसते. उमेदवारीच्या काळात मी एकदा हे धुणं अर्धवट सोडलं. आकडे इतके वर आले की साध्या भातखाचरात कधीकाळी ऊस पिकत असावा असा सुंदर निष्कर्ष मी लिहूनही काढला होता. दोन महिन्यांचं काम फुकट.

रिपोर्टवर दोन्ही आकडे का असतात, याचं कारणही ऊस-भाताचंच. झाड कार्बन-१३ ला जितकं टाळतं, त्याच्या साधारण दुप्पट कार्बन-१४ ला टाळतं. कमी टाळलं की कार्बन-१४ जास्त, म्हणजे वस्तू उगाच तरुण दिसते. म्हणून सगळी वयं कार्बन-१३ च्या उणे २५ या आकड्यावर आणून दुरुस्त करतात. हजारी एकाचा फरक म्हणजे सुमारे १६ वर्षं. जुन्या कोठारात जळालेले जोंधळ्याचे दाणे मिळाले आणि दुरुस्ती विसरलात, तर दोन-अडीचशे वर्षांची चूक बसलीच. म्हणजे वय काढणाऱ्यालाही आधी ‘कुठलं पाव्हणं?’ विचारावंच लागतं.

कोल्हापुरातल्या ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ साली पुरातत्त्वज्ञ सांकलिया आणि दीक्षित यांनी उत्खनन केलं, तेव्हा लिबींची पद्धत यायची होती. काळ ठरला तो नाणी आणि खापरांवरून. ब्रह्मपुरीतच मिळालेली पोसायडन या ग्रीक समुद्रदेवाची छोटी मूर्ती टाउन हॉलच्या संग्रहालयात आहे. तिचं वय काढून दे, असंही काकांनी सांगून पाहिलंय. ब्राँझच्या मूर्तीत कार्बन कुठला? तिथे दोघेही बिनकामाचे.

राहिलं काकांचं ढेकूळ. मातीचं वय हा प्रश्नच मुळात अवघड. तिच्यात गेल्या पावसाळ्यात कुजलेलं पाचट असतं आणि शेकडो वर्षं चिकणमातीला धरून बसलेला कार्बनही असतो. कार्बन-१४ या सगळ्याची सरासरी देतो. आजोबा आणि नातवाच्या वयाची सरासरी काढून घराचं वय सांगावं, तसं. पण जिथे पूर्वी भात होता आणि पुढे ऊस लागला, तिथे मी एक गोष्ट नक्की सांगू शकते. समजा, जुन्या भाताच्या मातीचा आकडा उणे २६ आहे, उसाचा उणे १२, आणि आजच्या मातीचा उणे १९ आला. तर त्या मातीतला निम्मा कार्बन उसाने घातलेला आणि निम्मा त्याच्या आधीचा. पाचट जाळलं की कुजवलं याचा हिशेब असाच लागतो, आणि तो शेतकऱ्याच्या कामाचा आहे.

गेल्या दिवाळीत काकांची माती मी खरंच नेली. आकडा उसाकडे भलताच झुकलेला. फोन करून मी खुशीत सांगितलं, “काका, तुमच्या रानात उसाचा कार्बन भरपूर मुरलाय.”

“कुठल्या रानातला?”

“वरच्या.”

“अगं, तिथं माझ्या बापापास्नं जोंधळाच व्हता की!”

जोंधळा आणि ऊस एकाच गोटातले. जुनं कुठलं नि नवं कुठलं, कार्बन-१३ ला ओळखू येईना. ढेकूळ घेताना एवढं विचारायचं मी विसरले होते. पुढच्या खेपेला काकांनी खालच्या भाताच्या रानातली माती दिली, गुळाच्या रिकाम्या पिशवीत बांधून. मी ती तशीच परत केली आणि नवी कोरी पिशवी मागितली.